घरातल्या रोपांचे एलईडी दिवे : मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी



घरातल्या रोपांसाठी विकल्या जाणाऱ्या एलईडी दिव्याच्या खोक्यावर साधारणपणे तीन आकडे असतात : वॅट, लुमेन आणि केल्व्हिन. वॅटवरून वीज किती जळेल ते कळते, लुमेनवरून माणसाच्या डोळ्याला उजेड किती वाटेल ते, आणि केल्व्हिनवरून तो पिवळसर दिसेल की पांढराशुभ्र ते. रोपाच्या पानावर उपयोगी उजेड किती पडणार, हे यांपैकी एकही आकडा सांगत नाही. नांदेड-लातूरच्या घरांत असे दिवे येऊ लागले आहेत आणि ते बहुतेक वेळा जांभळा रंग आणि मोठा वॅट पाहून घेतले जातात. हे पत्र विद्यापीठाला उद्देशून आहे, कारण या दोन्ही जिल्ह्यांत शेतीविषयी शेवटचा शब्द विद्यापीठाचा मानला जातो आणि या विषयावर तो शब्द मराठीत सहज हाती लागत नाही.

प्रकाशसंश्लेषणासाठी पान ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरते. त्यात महत्त्व असते ते फोटॉनच्या संख्येला. म्हणून रोपाचा उजेड मोजायचा तो एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती मायक्रोमोल फोटॉन पडले यावर. लुमेन हे एकक माणसाच्या डोळ्यासाठी बांधलेले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी उजेडाला सर्वांत तल्लख असतो; ६६० नॅनोमीटरच्या गडद लाल उजेडाला त्याच्या सुमारे ६ टक्के आणि ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला जेमतेम ४ टक्के दाद देतो. पानाला मात्र लाल आणि निळा दोन्ही भरपूर चालतात. त्यामुळे लुमेन कमी असलेला दिवा रोपाला जास्त देणारा असू शकतो, आणि उलटही घडते.

साधे लक्समापक यंत्र (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन) हाताशी असेल तर अंदाज बांधता येतो. पांढऱ्या एलईडीखाली साधारण ७० लक्स म्हणजे एक मायक्रोमोल, उन्हात ५४ लक्स म्हणजे एक. जांभळ्या दिव्याखाली हा हिशेब लागूच पडत नाही. मोबाइलवरच्या लक्स ॲपचा आकडा फोनागणिक बदलतो. एकाच फोनने दोन जागांची तुलना करण्यापुरता तो ठीक.

उन्हाशी तुलना केल्याशिवाय या आकड्यांना अर्थ येत नाही. लातुरात मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर लाखाच्या वर लक्स, म्हणजे सुमारे २००० मायक्रोमोल पडतात. तिथल्याच दहा बाय दहाच्या खोलीत रात्री एक ट्यूब लावली तर टेबलावर १०० ते १५० लक्स मिळतात. या उजेडात शिकवणीची पोरे पहाटेपर्यंत अभ्यास करतात आणि डोळ्यांना काही कमी वाटत नाही. पानाच्या हिशेबी तो दोन मायक्रोमोल आहे. सावलीत जगणाऱ्या झाडालासुद्धा स्वतःच्या श्वसनाचा खर्च भागवायला याच्या काही पट लागतात. खिडकीपासून दूर ठेवलेला मनीप्लांट महिनोन्महिने हिरवा दिसतो तो साठवणीवर. नवी पाने लहान येऊ लागली आणि दोन पानांमधली दांडी लांबत गेली की त्याची उपासमार चालू आहे असे समजावे.

एका क्षणाचा आकडाही पुरेसा नाही. दिवसभरात एकूण किती फोटॉन मिळाले ही बेरीज रोपाला कळते, आणि ती मोलमध्ये मोजतात. मराठवाड्यात उघड्यावर वर्षाची सरासरी काढली तर रोज ३५ ते ४५ मोलच्या आसपास येते. पावसाळी झाकोळात ती बरीच उतरते. मनीप्लांट, स्नेक प्लांट, ॲग्लोनेमा यांचे रोज २ ते ४ मोलवर निभते. कोथिंबीर, मेथी, पालक, पुदिना यांना १० ते १५ हवेत. मिरची, टोमॅटो फळावर आणायचे तर २० ते ३०. तुळस पालेभाजीच्याच पंगतीत बसते. अंगण गेले आणि वृंदावन फ्लॅटच्या देवघरात आले, तेव्हा तिच्या वाट्याला एकदोन मोलसुद्धा उरले नाहीत. ती दर दोनतीन महिन्यांनी वाळते ती पाण्याच्या चुकीने नव्हे, हे बहुतेक घरांत लक्षातच येत नाही.

म्हणून दिव्याआधी खिडकी पाहावी. नांदेड सुमारे १९.१ आणि लातूर १८.४ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे ४८ अंशांच्या आसपास असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येते. मेच्या मध्याला तो थेट डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी किंचित उत्तरेला सरकलेला असतो. या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या खिडकीला थेट ऊन जवळपास मिळतच नाही. वर छज्जा असेल तर एप्रिलपासूनच नाही. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांतला ‘दक्षिणेची खिडकी उत्तम’ हा सल्ला इथे अर्ध्या वर्षापुरता खरा आहे. पूर्वेची खिडकी बारा महिने चालते. पश्चिमेची चालते, पण उन्हाळ्यात तिथे कुंडी तापून मुळे भाजतात. पूर्वेच्या खिडकीत रोज दोनतीन तास ऊन येत असेल तर पालेभाजीसाठी दिवा घेण्याचे कारण नाही, आणि हे ग्राहकाला दुकानात कोणी सांगणार नाही.

आता दिवा खरोखर लागतोच असे धरून हिशेब करून पाहावा. बाजारातली साधी चार फुटी एलईडी पट्टी २० वॅटची असते आणि २००० लुमेनच्या आसपास देते. ७० ने भागले तर तिच्यातून सेकंदाला २८ मायक्रोमोल बाहेर पडतात. चार फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवर ती वीतभर ते फूटभर उंचीवर टांगली, तर यातला ६० टक्के उजेड पानांवर पडतो असे धरू. बाकीचा कडेने जातो. फळीचे क्षेत्र ०.३७ चौरस मीटर. म्हणजे पानांवर सुमारे ४५ मायक्रोमोल, आणि बारा तासांत दोन मोलच्या जवळ. मनीप्लांट-स्नेक प्लांटच्या रांगेला एवढे पुरते. वीज महिन्याला ७.२ युनिट, सोयीसाठी युनिट दहा रुपयांना धरले तर ७२ रुपये. ‘ग्रो लाइट’ असे नाव नसलेली, कोपऱ्यावरच्या विद्युत दुकानात मिळणारी पट्टी हे काम करते.

त्याच फळीवर कोथिंबीर घ्यायची म्हटली की गणित फिरते. १० मोल हवेत, म्हणजे अशा चार पट्ट्या सोळा तास. वीज दिवसाला १.२८ युनिट, महिन्याला ३८ च्या वर. कोथिंबीर काढणीला यायला ३५ ते ४० दिवस लागतात. तोवर पाचशे रुपयांच्या घरात वीज जळते, आणि चार चौरस फुटांतून निघतात त्या काही जुड्या. सोळा तासांचा दिवस मिळाला की कोथिंबीर, शेपू आणि पालक यांना फुलावर येण्याची घाईही होते, कारण ही लांब दिवसाची पिके आहेत. पालक तर साधारण चौदा तासांच्या पुढे दांडा काढू लागतो. नांदेड-लातुरात वर्षातला सर्वांत मोठा दिवस १३ तास १० मिनिटांच्या आसपास असतो, म्हणून हा प्रश्न इथल्या शेतात फारसा जाणवत नाही, दिव्याखाली जाणवतो. मग तास बारावर आणायचे आणि पट्ट्या पाचसहा करायच्या. वीज तेवढीच लागते, दिव्यांचा खर्च वाढतो. घरच्या ताज्या पानाची हौस म्हणून हे करायला हरकत नाही. बचत म्हणून करू नये.

चांगल्या प्रतीचा दिवा नेमका इथे उपयोगी पडतो. घरगुती पट्टी एका जूल विजेतून सुमारे १.४ मायक्रोमोल देते. चांगले शेतीचे दिवे २.५ ते ३ देतात. म्हणजे तेवढ्याच उजेडाला निम्मी वीज. वर सांगितलेल्या कोथिंबिरीच्या फळीवर महिन्याला १९० रुपये वाचतील, मनीप्लांटच्या फळीवर फक्त ३६. महाग दिवा घ्यायचा की नाही हे यावरून ठरते : दिवा जितका जास्त वॅटचा आणि जितके जास्त तास चालणार, तितकी त्याची कार्यक्षमता पैशात वसूल होते. ज्या विक्रेत्याकडे ‘जूलमागे किती मायक्रोमोल’ या प्रश्नाला छापील उत्तर नाही, त्याचा दिवा घरगुती पट्टीच्या दर्जाचा समजावा आणि किंमतही तेवढीच द्यावी.

जांभळ्या उजेडाचे प्रकरण थोडे मागून सांगावे लागते. डोळ्याला दिसणारा पहिला एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये बनवला, तो लाल होता. वनस्पतींवर एलईडीचे प्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अंतराळातल्या शेतीसाठी सुरू झाले, तेही लाल दिव्यांनी. नुसत्या लाल उजेडात रोपे लांबोडकी आणि लेचीपेची होतात, त्यांना थोडा निळा लागतो, हे तेव्हाच दिसले. तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकात आला. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. लाल आणि निळा एकत्र केला की जांभळा दिसतो, आणि त्या काळात पांढऱ्या एलईडीपेक्षा तो किफायतशीर होता. जांभळ्या दिव्यांची प्रथा तेव्हाची आहे. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर फॉस्फरचा लेप. तो नंतर इतका सुधारला की ते कारण घरापुरते तरी उरले नाही.

‘हिरवा उजेड पान परत फेकते, म्हणून तो वाया जातो’ हा शाळेत घट्ट बसलेला समजही जांभळ्या दिव्याच्या पथ्यावर पडतो. कीथ मॅक्क्री यांनी बावीस जातींच्या पिकांच्या पानांवर तरंगलांबीवार मोजणी करून १९७२ मध्ये आलेख प्रसिद्ध केला. त्या आलेखात हिरवा उजेड लालपेक्षा कमी, पण चांगलाच उपयोगी ठरला आहे. दाट पानोळ्यात तर तो वरच्या पानातून झिरपून खालच्या पानांपर्यंत पोचतो. पांढऱ्या उजेडाचा आणखी एक फायदा कोणताही शेतकरी लगेच मान्य करील. पान पिवळे पडले आहे, कडेने करपले आहे की मागच्या बाजूला मावा बसला आहे, हे जांभळ्या उजेडात दिसत नाही. सगळेच पान काळपट वाटते.

घरासाठी ४००० ते ६५०० केल्व्हिनचा पांढरा दिवा पुरेसा आहे. ६५०० मध्ये निळा भाग जास्त, म्हणून रोप ठेंगणे आणि भरीव राहते. ३००० च्या पिवळसर दिव्यात ते थोडे ताणते. पांढऱ्यासोबत ६६० नॅनोमीटरचे काही लाल ठिपके असलेली पट्टी मिळाली तर उत्तम. अतिनील म्हणून विकला जाणारा दिवा घरात आणूच नये. रोपाचे त्यावाचून अडत नाही आणि डोळ्यांना तो घातक ठरू शकतो.

वॅटच्या आकड्यात सर्वांत मोठी फसवणूक होते. ‘१००० वॅट’ छापलेला दिवा प्रत्यक्षात १०० वॅट घेतो असे सर्रास आढळते. आत बसवलेल्या चिपांची कमाल क्षमता बेरीज करून तो आकडा छापलेला असतो आणि चिपा त्या क्षमतेवर कधी चालवल्याच जात नाहीत. याची परीक्षा घरच्या वीजमीटरवर होते. मीटरच्या दर्शनी भागावर ‘इम्प/केडब्ल्यूएच’ असा आकडा छापलेला असतो, पुष्कळदा ३२००, आणि शेजारी एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. घरातले सगळे बंद करायचे, फ्रिज आणि इन्व्हर्टरचे चार्जिंगसुद्धा, आणि फक्त नवा दिवा लावायचा. तो खरोखर १००० वॅटचा असेल तर मीटरचा दिवा दर सव्वा सेकंदाच्या आत लुकलुकेल. १०० वॅटचा असेल तर दोन लुकलुकींत अकरा सेकंदांपेक्षा थोडे जास्त अंतर पडेल. घड्याळ आणि दहा मिनिटे एवढ्यावर हे काम होते, आणि दिवा परत करायची मुदत संपण्याआधी करावे.

दिव्याचे आयुष्य मराठवाड्यात दोन गोष्टींवर ठरते : उष्णता आणि व्होल्टेज. एलईडी चिप क्वचित जळते. जळतो तो तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत मे महिन्यात चाळीस अंश असताना बंद प्लास्टिकच्या खोक्यातला ड्रायव्हर लवकर मरतो. ॲल्युमिनियमची पाठ असलेली पट्टी आणि ड्रायव्हर वेगळा टांगता येईल अशी रचना घ्यावी. खोलीत दिवसाचा उजेड शिरतच नसेल तर उन्हाळ्यात दिवा संध्याकाळी आठ ते सकाळी आठ चालवावा. अशा खोलीतल्या रोपाला दिवस बाहेरच्या घड्याळाने मोजायचे कारण नाही, आणि रात्रीच्या गारव्यात दिवाही टिकतो. व्होल्टेज कमी-जास्त होणाऱ्या भागात १०० ते ३०० व्होल्टपर्यंत चालणारा आणि सर्ज संरक्षण असलेला ड्रायव्हर पाहावा. खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची ‘आर’ने सुरू होणारी नोंदणी असावी. वीज गेली म्हणून इन्व्हर्टरवर दिवा चालवू नये. दोन तास अंधार झाल्याने रोपाचे काही बिघडत नाही. यांत्रिक टायमर मात्र वीज गेली तेवढा मागे पडत जातो आणि आठवडाभरात दिवसाची रात्र करून ठेवतो. बॅटरी असलेला डिजिटल टायमर घेतला की हा घोळ मिटतो. कुंडीला पाणी घालताना दिवा बंद करणे आणि अर्थिंगची तीन पिनांची जोडणी असणे, यावर जास्त लिहायला नको.

लातूरकरांना पाण्याविषयी वेगळे सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते शहर हे. गॅलरीतल्या कुंड्यांना मे महिन्यात दोन वेळा पाणी लागते, खोलीतल्या दिव्याखालच्या कुंडीला बरेच कमी. पाणीटंचाईत रोपे आत घेऊन कमी उजेडावर दीड-दोन महिने नुसती जगवणे हा दिव्याचा प्रामाणिक उपयोग आहे. वर सांगितलेली एक पट्टी त्याला पुरते.

घराबाहेर या दोन जिल्ह्यांत कृत्रिम उजेडाचे सर्वांत जुने आणि पक्के काम केळीच्या रोपांमागे आहे. इसापूर धरणाच्या पाण्यावरचा नांदेड जिल्ह्यातला अर्धापूर परिसर केळीचा. तिथे आता लावली जाते ती बहुतेक ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडची जी-नाइन, आणि तिची रोपे ऊतीसंवर्धनाने तयार होतात. अशा प्रयोगशाळेच्या वाढकक्षात २५ अंशांच्या आसपास तापमान, सोळा तास उजेड, आठ तास अंधार, आणि मांडण्यांवर बाटल्यांच्या रांगा असतात. वर्षानुवर्षे तिथे साध्या फ्लुरोसंट ट्यूब होत्या. त्यांच्या चोकची उष्णता वरच्या फळीवरच्या बाटल्यांना तळातून तापवायची आणि ती काढायला वातानुकूलन जास्त चालवावे लागायचे. एलईडीने वाचलेल्या विजेत या दुसऱ्या बचतीचा वाटा मोठा आहे. पण बाटल्यांवर पडणारा उजेड किती? दोन ते तीन हजार लक्स, म्हणजे तीस-चाळीस मायक्रोमोल. एवढ्यात केळी वाढते कारण तिच्या अन्नमाध्यमात लिटरला ३० ग्रॅम साखर असते. बाटलीतले रोप उजेडावर जगत नाही, साखरेवर जगते. म्हणूनच बाहेर काढल्यावर त्याला आधी हरितगृहात आणि मग शेडनेटमध्ये हळूहळू खरा उजेड सोसायला शिकवावे लागते. अशी प्रयोगशाळा पाहून आलेला उत्साही माणूस तीच मांडणी, तेच दिवे घरी लावतो आणि साखर नसलेल्या मातीत मेथी पेरतो. ती उगवते, ताणते आणि लोळते.

उजेड न लागणाऱ्या ठिकाणी तो विकला जाण्याचेही प्रकार आहेत. दुष्काळी वर्षांत ट्रेमध्ये मक्याचा हिरवा चारा वाढवण्याची पद्धत मराठवाड्यात पसरली. हा चारा आठ-दहा दिवसांत दाण्यातल्या साठ्यावर वाढतो. शेडनेटमधून गाळून येणारा उजेड त्याला हिरवा करायला पुरतो. त्यावर एलईडी बसवणे म्हणजे पैसे फेकणे. कोंब काढून आठवडाभरात खाल्ल्या जाणाऱ्या मायक्रोग्रीनचेही बरेचसे असेच आहे.

शेवंतीसारख्या पिकात दिवा अन्न देत नाही, निरोप देतो. शेवंती लहान दिवसाचे पीक. रात्रीच्या मध्यावर थोडा उजेड दिला की रात्र तुटते आणि फुलणे लांबणीवर पडते. ड्रॅगन फ्रूटचे उलट. ते मोठ्या दिवसात फुलते, म्हणून राज्यातले काही बागायतदार हिवाळ्यात रात्री बागेत बल्ब लावून बिगरहंगामी फुले आणतात. हे काम थोड्या उजेडात होते आणि त्यात लाल भाग महत्त्वाचा असतो. घरच्या कुंडीत शेवंती फुलत नसेल, तर पुष्कळदा कारण समोरचा रस्त्यावरचा दिवा असतो.

आणि केशर. बंद खोलीतल्या केशराची प्रशिक्षणे, कंद आणि दिव्यांचे संच विकणारे लोक आता सगळीकडे आहेत. केशराचा कंद थंड खोलीत माती, पाणी आणि फारशा उजेडाशिवायही फुलतो, हे खरे. फुलांचे छायाचित्र तिथेच निघते. पण फुलून गेलेला कंद संपतो, आणि पुढच्या वर्षाचे कंद त्याला पाने फुटून हिवाळाभर, वसंतापर्यंत भरपूर उजेड आणि थंडी मिळाली तरच तयार होतात. काश्मिरात खोलीत फुलवणारे शेतकरी फुले खुडून कंद पुन्हा शेतात लावतात. नांदेडच्या मातीत आणि हवेत ती सोय नाही. इथे ते महिने पूर्णपणे दिव्यांवर आणि वातानुकूलनावर काढावे लागतात. विक्रेत्याच्या ताळेबंदात ही वीज धरलेली नसेल, तर पुढच्या वर्षी कंद पुन्हा विकत घ्यावे लागणार हे गृहीत धरावे. कर्ज काढून यात उतरू पाहणाऱ्या तरुणाला एवढा एक परिच्छेद विद्यापीठाच्या नावाने छापील मिळाला, तर त्याचे काही लाख वाचतील.

विद्यापीठाकडे यासाठी लागणारे बहुतेक सगळे आहे. नांदेडला केळी संशोधन केंद्र आहे, लातूरला विलासराव देशमुख कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, कृषी विज्ञान केंद्रे गावांपर्यंत पोचलेली आहेत. इथल्या पिकांची आणि घरगुती झाडांची रोजची उजेडाची गरज मोलमध्ये, आणि तिच्यासाठी साध्या चार फुटी पट्ट्या किती व किती तास, असा एक पानी मराठी तक्ता काढता येईल. वर दिलेले आकडे ढोबळ आहेत. मराठवाड्याच्या तापमानात, बाजारातल्या पट्ट्यांवर मोजलेले आकडे त्यांची जागा घेऊ शकतील. १८ मेच्या खरीप मेळाव्यात आणि १७ सप्टेंबरच्या रब्बी मेळाव्यात माती-पाणी तपासणीची माहिती मिळते, तशी एका टेबलावर फोटॉन मोजणारे यंत्र आणि वॅटमापक ठेवून लोकांनी आणलेले दिवे तपासून द्यावेत, आणि दिव्यावर छापलेला वॅट, प्रत्यक्ष वॅट व फूटभर अंतरावरचे मायक्रोमोल असे तीन आकडे लिहिलेली चिठ्ठी हातात द्यावी. दिव्याच्या कंपनीचे नाव त्या चिठ्ठीवर असावे की नाही, हे विद्यापीठाने ठरवावे. असावे, असे या पत्राचे मत आहे.